भिंतीपलीकडचे फुटाणे

खरवईच्या त्या बिल्डिंगमध्ये भाऊबीजेच्या संध्याकाळी पश्चिमेकडची एक खिडकी हमखास बंद असायची. तिसऱ्या मजल्यावरची, अंजनाची. बाकी घरांत बघाल तर रांगोळ्या, पाट, चकल्यांचे डबे, कुणाचा भाऊ मुलुंडहून आलेला, कुणाचा नेरळहून स्कूटरवर बायको आणि दोन पोरं लादून आलेला. आणि ही बया दिवेलागणीच्या आधीच खिडकीची कडी घालून, पडदा ओढून, वर पडद्याला कपड्यांचे चिमटे लावून बसायची. चिमटे कशाला, तर म्हणे वाऱ्याने पडदा हलतो. बंद खिडकीतून कुठला वारा येतो, ते तिलाच ठाऊक.

खरं कारण असं की त्या संध्याकाळी चंदेरीच्या डोंगरावर बीजेची कोर दिसते. कापलेल्या नखाएवढी. थोडा वेळ दिसते आणि डोंगराआड जाते. तर अंजनाला वाटायचं, ती कोर आपल्याकडे बघतेय. नुसती बघत नाही, हक्काने बघतेय. लांबून आलेला भाऊ दारात चपला काढून उभा राहतो आणि बहिणीचं ताट कधी बाहेर येतंय याची वाट बघतो, तशी.

हसायचं असेल तर हसून घ्या. पण ही काही भित्री मुलगी नव्हती हां. अंबरनाथला एका केमिकल कंपनीत टायपिस्ट होती, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडायची आणि जिंकायची, पाल दिसली तर झाडूने बाहेर काढून वर तिलाच दोन शब्द सुनवायची. सत्त्याण्णव साल उजाडलं, वय सव्वीस झालं, तरी या नखाएवढ्या चंद्रापुढे मात्र तिची बोबडी वळायची. आणि त्या वर्षी तर प्रकरण आणखी अवघड होतं, कारण चिंतामणीला उत्तर द्यायचं होतं.

चिंतामणी तिच्याच कंपनीत स्टोअर्सला. भर थंडीत छत्री घेऊन फिरणारा, डब्यातली अर्धी भाजी आधी दुसऱ्याला वाढून मग जेवायला बसणारा सरळ माणूस. ऑफिसात सगळे तिला अंजनाताई म्हणायचे, हा एकटा 'मॅडम' म्हणायचा. का, ते कँटीनमध्ये एकदा कळलं. "मॅडम, माझ्याशी लग्न कराल का?" असं विचारून टाकलं त्याने, आणि तिचा चेहरा बघून स्वतःच घाबरला. म्हणाला, "मला घाई नाही. आईला आहे. दिवाळी झाल्यावर सांगितलंत तरी चालेल."

अंजनाला तो आवडत होता, हीच तर पंचाईत. नसता आवडत तर आधीच्या स्थळांना सांगितलं तसं यालाही नाही सांगून ती मोकळी झाली असती. पण तिच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, की आपण ज्याला जीव लावतो त्याचं आपल्या हातून वाईट होतं. एकाचं झालं होतं. दुसऱ्याचं करायची तिची तयारी नव्हती.

तो पहिला कोण, ते सांगायचं तर उल्हासनगरला जावं लागेल, कॅम्प दोनच्या बराकीत.

बराक म्हणजे मिलिटरीने बांधलेली लांबच्या लांब शेड. फाळणीनंतर ती सिंधी लोकांना मिळाली आणि मग त्यातल्या काहींनी खोल्या भाड्याने लावल्या. वर कौलं आणि मध्ये भिंती घालून पाडलेल्या खोल्या. पण गंमत अशी की या भिंती कौलापर्यंत जायच्याच नाहीत. माणसाच्या डोक्याच्या वर थोडं गेलं की भिंत संपली. त्याच्या वर सगळ्यांची हवा एकच. तुमच्या फोडणीला शेजारी शिंकणार, तुमच्या नवऱ्याच्या घोरण्याला शेजारीण कूस बदलणार. बराकीत गुपित ठेवायचं तर ते पोटात ठेवावं लागायचं, आणि पोट गुरगुरलं तरी पलीकडून कुणीतरी ओव्याचं पाणी पाठवायचं.

भिंतीच्या अलीकडे अंजना, तिची आई माई आणि कारखान्यात क्लार्क असलेले बाबा. पलीकडे निकम. हिंदुराव निकम साताऱ्याकडचे, एका गोदामाचे वॉचमन, मिशी मोठी आणि आवाज बारीक. त्यांची बायको भागीरथीकाकू. आणि त्यांचा एकुलता एक दिवटा, श्यामकांत. अंजनापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि दहा पटीने वात्रट.

ऐंशी सालची भाऊबीज. अंजना नऊ वर्षांची. सगळ्या मैत्रिणींना भाऊ आणि आपल्यालाच नाही म्हणून तिने भोकाड पसरलं होतं.

माई म्हणाली, "अगं, ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. चंद्रच त्यांचा भाऊ."

"मग तो ओवाळणी काय घालतो?"

तेवढ्यात भिंतीवरून काकूंचा आवाज आला, "आगं माई, चंद्राला कशाला तरास देती? आमचं कार्टं हाय की रिकामं."

झालं. श्यामकांतला पलीकडे पाटावर बसवला. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून हिंदुरावांचा रुमाल टाकला. अंजनाने मोठ्या ऐटीत कुंकू लावलं, ते नाकापर्यंत ओघळलं. ओवाळून झाल्यावर ताटात घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने चड्डीच्या खिशात हात घातला आणि मूठभर फुटाणे ओतले ताटात. एक फुटाणा निरांजनात पडला आणि तडतडला. काकूंनी त्याच्या पाठीत एक घातली. अंजनाने मात्र ते तुपात भिजलेले, कुंकवाचे फुटाणे सगळे खाल्ले.

काकूंनी तेव्हा तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "दरसाल ओवाळायचं हां. आज बहिणीनं ओवाळलं की भावाच्या वाटंला यम जात न्हाई." नऊ वर्षांच्या मुलीला असं काही सांगू नये. तिच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसतं.

त्यानंतर फुटाणे भिंतीवरून यायला लागले. संध्याकाळी अंजना अभ्यासाला बसली की वरून 'टप्' करून एक फुटाणा वहीवर. एक म्हणजे काय करतेस. दोन म्हणजे बाहेर ये. मूठभर आले म्हणजे भांडण. तीही चिंचोके परत मारायची. माई म्हणायची, ही काय मुलं आहेत का माकडं. घरमालकीण सिंधी आंटी अंगणात खाटेवर पापड वाळत घालता घालता ओरडायची, "ए अंजी, देख, तेरा भाई बुला रहा है."

भाई म्हटलेलं तिला तेव्हा खुपत नव्हतं. खुपायला लागलं ते पुढे.

अंजना दहावीत जायची होती त्या वर्षी श्यामकांत उन्हाळ्यात गावी गेला आणि शेतीच्या कामात अडकून चांगला गणपतीपर्यंत तिकडेच राहिला. परत आला तो दुपारी. अंजना भांडी घासत होती. भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "आई, पाणी दे." भरलेला, जाड, घशाच्या तळातून आलेला आवाज. अंजनाला वाटलं, काकूंकडे कुणी पाहुणा आलाय. तिने ओढणी नीट केली. भिंतीच्या अलीकडे बसून, ज्याला ती दिसतही नव्हती त्या पाहुण्यासाठी. आणि मग वरून एक फुटाणा आला आणि कढईत पडला.

बघा, प्रेम म्हणे डोळ्यांतून येतं. हिच्या बाबतीत ते कानातून आलं आणि राखेत बरबटलेल्या हातांनी तिने ते घेतलं.

त्यानंतर काय विचारता. ज्या मुलीने सकाळी गुळण्या केल्या की अख्खी बराक जागी व्हायची, ती चूळसुद्धा हळू भरायला लागली. माईशी भांडण आलं तर बाहेर नळावर जाऊन भांडायची. इतिहासाचा धडा वाचायची तो रेडिओवर बातम्या सांगितल्यासारखा, आणि पानिपताच्या लढाईत उगाच आवाज लाडिक करायची. पलीकडून श्यामकांत म्हणायचा, "जरा मोठ्याने, मराठे अजून हरलेले ऐकू नाही आले." ती लाल व्हायची. भिंत मध्ये होती म्हणून बरं.

पण दरवर्षी भाऊबीज यायची आणि दरवर्षी त्याला पाटावर बसवून ओवाळायला लागायचं. शहाऐंशीला तिने डोळे खाली घालून ओवाळलं. सत्त्याऐंशीला ओवाळता ओवाळता तिने निरांजन कलंडवलं. त्याने ताटात नेहमीसारखे फुटाणे घातले, पण एकही विनोद केला नाही. त्या वेळी तो आयटीआय करत होता, मिसरूड फुटलं होतं. पाटावरून उठताना तो तिच्याकडे बघत म्हणाला, "किती वर्षं बसायचं मी या पाटावर?" आणि काकू लगबगीने आत गेल्या, करंज्या आणायच्या निमित्ताने.

अठ्ठ्याऐंशीच्या भाऊबीजेला अंजनाने ठरवलं. बास.

त्या दिवशी तिला रान मोकळं होतं. बाबा डोंबिवलीला त्यांच्या बहिणीकडे गेलेले. माईच्या भावाचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून माईच कल्याणला गेलेली. संध्याकाळ व्हायला आली तशी अंजना भिंतीजवळ उभी राहिली आणि घसा साफ करून म्हणाली, "काकू, मला यंदा ओवाळायला जमायचं नाही. मी बाजूला बसलेय."

बाजूला बसलेय म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. त्या चार दिवसांत दिव्याला शिवायचं नाही, ताटाला हात लावायचा नाही. त्याला कुणाचा इलाज नाही, कुणी वर प्रश्नही विचारत नाही. आणि ते साफ खोटं होतं.

पलीकडून काकू म्हणाल्या, "बरं."

एवढंच. आणि त्या 'बरं'च्या मागोमाग वरून एक फुटाणा आला. टप्.

अंजनाने तो उचलून मुठीत धरला. त्याला कळलं होतं. आणि त्याला राग आला नव्हता. पण तिला दुसरीच भीती वाटली. ओवाळणी चुकवली तर यमाचं काय? म्हणून या हुशार मुलीने तोड काढली. तिने कुंकू, अक्षता, निरांजन असं ताट केलं, ते ओढणीखाली झाकलं आणि बराकीमागच्या मैदानात गेली. तिथे जीन्सच्या चिंध्यांचा ढीग पडलेला असायचा आणि त्याच्या पलीकडे मलंगगडावर कोर दिसत होती. बारीक, स्वच्छ.

सिंधी आंटी मागच्या दाराशी उभी होती. "ए छोकरी, उधर किसको ढूंढती है?"

"किसी को नहीं आंटी, चांद देखती हूँ."

"देख, देख. तेरी उमर है."

आंटी आत गेल्यावर अंजनाने निरांजन पेटवलं आणि चंद्राला ओवाळलं. आणि म्हणाली, अगदी स्पष्ट, समोरच्या माणसाला सांगावं तसं, "आजपासून माझा भाऊ तू. तो नाही."

आणि मग मजा बघा. भाऊ होता तोवर ज्याच्याशी तासन्‌तास भांडायची, त्याच्याशी आता तिला एक वाक्य बोलता येईना. नळावर दिसला की ती बादली अर्धी सोडून पळायची. तो समोर आला की चपलेकडे बघायचा. एकदाच दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली, वेगवेगळ्या रिक्षांनी, जणू बँक लुटायला निघालीत. ओढ्याकाठी बसून त्याने खिशातून फुटाण्यांची पुडी काढली आणि तिच्या हातावर ओतली. हातावर. भिंतीवरून नाही. ती इतकी गोंधळली की म्हणाली, "थँक्यू." आठ वर्षं ज्याला चिंचोके मारले त्याला थँक्यू. तो जो हसायला लागला, तो परत येईपर्यंत हसत होता. अंजनाकडे त्याचं एवढंच एक चित्र राहिलं, हसतानाचं.

मार्गशीर्षात त्याचे डोळे पिवळे झाले.

कावीळ बराकीत कुणाला ना कुणाला होतच असायची, पाणीच तसं होतं. डॉक्टरकडे कोणी जायचं नाही. बदलापूरच्या पुढे एका खेड्यात एक म्हातारा काविळीची माळ द्यायचा. कसल्याशा काड्यांची छोटीशी माळ, ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, असं म्हणतात. काकूंनी त्याला तिथे नेलं. माळ लांबली. गळ्यात आली, छातीवर आली, पोटापर्यंत आली. काकू रोज भिंतीवरून माईला सांगायच्या, आज एवढी झाली. सगळी बराक माळेकडे बघत होती. डोळ्यांकडे कुणी बघितलं नाही. डोळे होते तसेच होते, हळदीत बुडवून काढल्यासारखे.

अंजना बघत होती. आणि तिच्या मनात एकच घोळत होतं, मी त्याला ओवाळलं नाही. मीच यमाला वाट उघडी ठेवली.

एका दुपारी पलीकडे काकूंची चाहूल नव्हती. अंजनाने सरळ ताट केलं आणि निकमांच्या खोलीत गेली. श्यामकांत खाटेवर उशीला टेकून बसला होता. माळ मांडीपर्यंत लोंबत होती.

"हे काय?" तो म्हणाला.

"ओवाळते."

"आज भाऊबीज आहे?"

"गप बस आणि टोपी घाल."

"म्हणजे परत भाऊ?"

"आधी बरा हो. मग बघू काय ते."

तो जरा पुढे झुकला आणि त्याने निरांजनावर फुंकर मारली. तोंडाने दिवा विझवू नये हे बराकीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्या फुंकरीने ज्योत नुसती हलली, एवढी ताकद नव्हती त्याच्यात. दुसऱ्या फुंकरीला विझली.

"भाऊ म्हणून बरं व्हायचं नाहीये मला," तो म्हणाला.

पौष लागायच्या आत तो गेला. शेवटी हॉस्पिटलात नेलं होतं, पण तिथे नुसतं नेल्याचं समाधान.

काकू आणि हिंदुराव खोली सोडून गावी गेले. पलीकडची जागा एकाने गोदामाला घेतली, छतापर्यंत कापडाचे गठ्ठे भरले आणि बाहेरून कुलूप घातलं. आत माणूस नाही. आणि अंजना पुस्तक घेऊन बसली की वरून 'टप्'.

ती उठून शोधायची. वहीखाली, खाटेखाली, डब्यांच्या मागे. काही नसायचं. माई म्हणायची, उंदीर असतील. एकदा खरंच एक फुटाणा सापडला आणि अंजना इतकी पांढरी पडली की माईला सांगावं लागलं, अगं, कालच्या भेळेतला असेल. पण भेळेत फुटाणे नव्हते, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाबा रिटायर झाले आणि त्यांनी खरवईला फ्लॅट घेतला. नवीन, चुन्याचा वास असलेला, आणि भिंती थेट स्लॅबपर्यंत. माईला वाटलं, आता सुटली पोर. पहिल्याच आठवड्यात अंजना टायपिस्टच्या नोकरीचा अर्ज लिहीत बसली होती. टप्. ऑफिसात कधी नाही, रस्त्यात कधी नाही. एकटी बसून लिहायला-वाचायला लागली की मगच. त्याची तिला भीती वाटेनाशी झाली होती, खरं सांगायचं तर. दिवसभर आवाज आला नाही तर ती मुद्दाम पुस्तक घेऊन बसायची. भीती वाटायची ती चंद्राची. तिला वाटायचं, या चंद्राला आपण भाऊ म्हणून बोलावलं, आणि तो आला. आणि त्याने ठरवलं, की एका बहिणीला दोन भाऊ कशाला. आता दरवर्षी तो आपला हक्क मागायला येतो, आणि आपण त्याला ओवाळलं तर त्याच्यामागून यमाला आणखी कुणाची वाट उघडेल, कोण जाणे. म्हणून ती कडी. म्हणून ते चिमटे.

तर सत्त्याण्णवची भाऊबीज. बाबा नेहमीप्रमाणे डोंबिवलीला बहिणीकडे. दुपारी दाराची बेल वाजली आणि दारात भागीरथीकाकू. हातात कापडी पिशवी, केस सगळे पांढरे. माईने कुणाच्या तरी हाती परस्पर निरोप धाडून त्यांना बोलावून घेतलं होतं. लेकीला स्थळ आलंय, ती काही बोलत नाही, तुमचं ऐकेल. माई दिसते साधी, पण आतून पक्की मुत्सद्दी.

चहा झाला, चिवडा झाला, हिंदुरावांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. चिंतामणीचं नावही कुणी काढलं नाही. ऊन उतरलं तशा काकू उठल्या आणि म्हणाल्या, "ताट दे गं. माझा भाऊ गेला दोन वर्षांमागं. आता मी चंद्रालाच ओवाळते. कुठल्या खिडकीतून दिसतो तुमच्यात?"

माई अंजनाकडे बघेना. अंजना म्हणाली, "त्या खिडकीतून नाही दिसत काकू. गच्चीवर जा."

"गुडघे हायेत का माझे गच्चीवर जायचे?" असं म्हणत काकू पडद्यापाशी गेल्या. चिमटे बघून थांबल्या. "हे काय, पडदा पळून जातोय व्हय?" आणि एक चिमटा काढला.

"काकू, नको."

दुसरा चिमटा. "का?"

आणि अंजनाच्या तोंडून नऊ वर्षं धरून ठेवलेलं बाहेर आलं. "काकू, त्या वर्षी मी बाजूला बसले नव्हते. मी खोटं बोलले."

काकू तिसरा चिमटा काढत म्हणाल्या, "ठाऊक हाय मला."

"माईने सांगितलं?"

"माईला काय माहीत, ती कल्याणला. आगं, भिंत होती का वरपर्यंत? दिवाळीच्या आधीच तू बसून उठली हुतीस. लोणच्याच्या बरणीला शिवू नको म्हणून तुझी आई किती वरडली हुती. मला काय कॅलेंडर पाहिजे?"

माई आत जायला निघाली होती ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" अंजना ओरडली. "मला ओढून न्यायचं होतंत. दोन थोबाडीत द्यायच्या होत्यात. मी ओवाळलं असतं तर तो..."

"पाट कुठं हुता ओवाळायला?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे?" अंजनाने विचारलं.

"त्या साली मी पाट मांडलाच नव्हता, अंजे. तू आलीस तर काय बोलून घालवू, याचा घोर लागला हुता मला सकाळपासनं. मला सून पाहिजे हुती. भाऊबीज चुकवायचं तुझ्या आधी माझ्या मनात आलं. श्यामला म्हणलं, आज तू घरात थांबू नको. तर हसला. म्हणला, ती येतच नसती, बघ. आणि तू भिंतीवरनं बोललीस, तवा माझ्या तोंडातनं 'बरं' निघालं ते आनंदानं निघालं."

शेवटचा चिमटा त्यांच्या हातातच होता. तो त्या उघडत होत्या, मिटत होत्या.

"दिवा विझवला त्यानं, ते बी ऐकलं मी. मी तुमच्याकडंच आल्ते, ताक न्यायला. माई ताक ओतत हुती आणि वरनं त्याचं बोलणं आलं, भाऊ म्हणून बरं व्हायचं न्हाई. मला हसू आलं, बाई. पोरगं पिवळं पडलं हुतं आणि त्याची आई तांब्या घेऊन हसत हुती." काकूंनी नाक पदराला पुसलं. "तू कोण गं लागून गेलीस त्याचं आयुष्य कमी करणारी? मी आई हाय त्याची. त्याचं काय पाप असंल तर पहिला नंबर माझा. तू रांगेत माझ्या मागं उभी राहा."

काकूंचं हे बोलणं मायेचं होतं का भांडणाचं, ते अंजनाला कळेना. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रांगेत ती एकटी नव्हती.

काकूंनी पडदा सारला आणि कडी काढली. कडी गंजली होती, कुरकुरली. बाहेर चंदेरीचा डोंगर काळा झाला होता आणि कोर त्याच्या खांद्याला टेकली होती. अंजनाने मान वर केली नाही. काकूंनी निरांजन पेटवलं, ताट घेतलं, आणि ते तिच्या हातात दिलं.

"मी याला भाऊ म्हटलं होतं," अंजना म्हणाली. "आणि परत तोंड नाही दाखवलं."

"मग दाखव की. भावाला काय, सवय असती वाट बघायची."

अंजनाने ओवाळायला सुरुवात केली. दुसरा फेरा पूर्ण व्हायच्या आत कोर डोंगराआड गेली. ती थांबली नाही. नुसत्या काळ्या डोंगराला तिने उरलेलं ओवाळलं आणि ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

आणि मागे, खोलीत, टप्.

अंजनाने वळून बघितलं नाही. काकूंनीही नाही.

"तुला बी येतो?" काकूंनी हळूच विचारलं.

"रोज. तुम्हाला?"

"गावाकडं शेणानं सारवलेली जमीन. आवाज बारीक होतो. पण येतो."

माई दारातून म्हणाली, "कसला आवाज? मला काही ऐकू नाही आलं." खिडकी उघडीच होती आणि निरांजनाची ज्योत वाऱ्याने वाकडी होत होती, पण विझत नव्हती.

मग अंजना म्हणाली, "माई, बाबा आले की त्यांना सांग, चिंतामणींना चहाला बोलवायचंय. रविवारी. आईला घेऊन या म्हणावं." आणि मग जरा थांबून, "पण त्यांना आधी एक सांगून ठेवायचं. या घरात मधूनमधून फुटाणे पडतात."

माईने काकूंकडे बघितलं, मग फरशीकडे, मग लेकीकडे. "आणि ते चालेल त्यांना?"

"स्टोअर्सला आहेत," अंजना म्हणाली. "मोजून ठेवतील."